'सिग्नल हिरवाच होता,' असं बाबा म्हणतात

प्रश्न:
माझे बाबा छप्पन्न वर्षांचे आहेत. कामासाठी रोज लांबचा प्रवास स्वतः गाडी चालवत करतात. तीस वर्षांत एकही अपघात नाही, याचा त्यांना अभिमान आहे आणि आम्हालाही. पण हल्ली गाडी सुरू झाली की फोनही सुरू होतो. ब्लूटूथवर बोलतात, दोन्ही हात स्टेअरिंगवरच असतात. गेल्या महिन्यात मी त्यांच्या शेजारी बसले होते. ऑफिसमधून फोन आला, कुठल्या तरी हिशेबावरून बोलणं तापलं आणि बाबांनी लाल सिग्नल सरळ ओलांडला. आडव्या रस्त्याने येणाऱ्या स्कूटरवाल्याने कचकन ब्रेक दाबला म्हणून निभावलं. मी ओरडले. बाबा म्हणाले, 'सिग्नल हिरवाच होता.' मी लाल होता म्हटलं तर चिडले, 'म्हणजे मी खोटं बोलतोय का?' आई म्हणते, विषय वाढवू नकोस. धाकटा भाऊ त्यांचीच बाजू घेतो, कारण तो स्वतः हेल्मेटमध्ये फोन खोचून दुचाकी चालवतो. त्या दिवसापासून बाबा घराबाहेर पडले की माझा जीव टांगणीला लागतो. वाटेत दोन-तीनदा फोन करते, त्यांचा 'हॅलो' ऐकला की बरं वाटतं. त्यांना न दुखावता कसं समजावू?
– एक लेक

उत्तर:
प्रिय ताई,

तुमचे बाबा खोटं बोलत नाहीत. हे सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण त्यांच्याशी कसं बोलायचं ते यावरच ठरणार आहे. सिग्नल लाल झालेला तुम्ही पाहिलात. बाबांचे डोळेही बहुधा तिकडेच होते. पण मन हिशेबाच्या वादात गुंतलं होतं आणि डोळ्यांनी टिपलेलं तिथवर पोचलं नाही. अशा वेळी 'हिरवाच होता' असं माणसाला अगदी मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं आहे. लोकांना सिम्युलेटरमध्ये, म्हणजे पडद्यावर रस्ता दाखवणाऱ्या नकली गाडीत, गाडी चालवायला बसवलं, रस्त्याच्या कडेला जाहिरातींचे फलक ठेवले आणि नजर कुठे कुठे जाते हे टिपणारं यंत्र लावलं. प्रवास संपल्यावर विचारलं, वाटेत यातले कोणते फलक होते? हँड्स-फ्रीवर, म्हणजे फोन हातात न धरता, बोलत गाडी चालवणाऱ्यांना फलक खूप कमी ओळखता आले. आणि त्यात असेही फलक होते, ज्यांच्यावर त्यांची नजर स्थिरावल्याचं यंत्राने नोंदवलं होतं. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रस्त्यावरचा सिग्नल, झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवलेलं माणूस, आरशात दिसणारी दुचाकी, सगळ्यांच्या बाबतीत हेच घडू शकतं.

यातली खरी भीती पुढे आहे. जे दिसलंच नाही, त्याची आठवणही राहत नाही. ब्रेक दाबायला उशीर झाला तर तो उशीर निदान कळतो. पण निसटलेला सिग्नल काही खूण ठेवून जात नाही. म्हणून फोनवर बोलत घरी पोचलेल्या माणसाच्या हिशेबी तो प्रवास नेहमीसारखाच नीट झालेला असतो, आणि 'मला जमतं' हा विश्वास आणखी थोडा वाढतो. त्या स्कूटरवाल्याचा विचार करा. त्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून बाबांच्या निष्कलंक वर्षांत आणखी एका दिवसाची भर पडली. फोन सुरू झाल्यापासून असे आणखी किती जण बाबांच्या वाट्याचा ब्रेक दाबून गेले असतील, हे कळायला बाबांकडे काही मार्ग नाही. तुमच्याकडेही नाही. त्या दिवशी तुम्ही शेजारी होता, एवढंच.

म्हणून सिग्नलचा रंग काय होता, हा वाद आता सोडून द्या. तो तुम्ही जिंकू शकणार नाही, आणि जिंकलात तरी बाबांना त्यात फक्त आपल्यावरचा अविश्वास दिसेल. त्याऐवजी असं म्हणून बघा: 'बाबा, तुम्हाला हिरवा दिसला हे मला पटतं. मला भीती वाटते ती त्याचीच.' हे वाक्य बोलून थांबा. लगेच पुढे स्पष्टीकरण देऊ नका. त्यांना ते पचवायला वेळ लागेल.

आता हातांचं. 'माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात' हे तुमच्या बाबांचं सगळ्यात भक्कम समर्थन आहे. जगातल्या अनेक देशांनी फोन हातात धरून बोलण्यावर बंदी घातली आणि हँड्स-फ्री चालू दिलं. त्यामुळे लोकांना वाटलं, धोका हाताचा होता आणि आता तो मिटला. कायदा तसा झाला कारण हातातला फोन पोलिसाला दिसतो, मन कुठे आहे ते दिसत नाही, असं माझं मत आहे.

१९९७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या दोघांनी मोबाईल बाळगणाऱ्या आणि अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोन बिलं तपासली. अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत फोन झाला होता का, आणि त्याच माणसाने आदल्या दिवशी त्याच वेळी फोन केला होता का, असं ताडून पाहिलं. फोन चालू असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली. हँड्स-फ्री वापरणाऱ्यांना काही फायदा झालेला दिसला नाही. आणि ताई, तुमच्या घरासाठी सगळ्यात कामाची गोष्ट ही: चालकाचं वय कितीही असो, गाडी चालवण्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो, धोका साधारण तेवढाच वाढत होता. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या चालकांचा अभ्यास झाला. तिथेही चौपटच, आणि तिथेही हँड्स-फ्रीने फरक पडला नव्हता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण तुमचा भाऊ कधीतरी ती तुमच्यापुढे आणेल. सगळे अभ्यास एकाच बाजूला झुकत नाहीत. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या परिवहन संस्थेने प्रत्यक्ष रस्त्यावरच्या ट्रकांमध्ये कॅमेरे बसवून पाहणी केली. त्यात नुसतं बोलण्याने धोका वाढल्याचं आढळलं नाही. फोन शोधणं, नंबर लावणं, संदेश लिहिणं यांनी मात्र तो भयंकर वाढला. त्यामुळे 'बोलणं एवढंही वाईट नाही' असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. मी तरीही बाबांनी फोन बंद ठेवावा असंच म्हणेन. मोकळ्या महामार्गावर एका चालीने ट्रक चालवत 'हो, ठीक आहे, पोचतो' म्हणणं वेगळं, आणि गर्दीच्या चौकात शिरताना हिशेबावरून भांडणं वेगळं. बाबांना येणारे फोन दुसऱ्या जातीचे आहेत. तुम्ही स्वतः पाहिलंत.

'पण मी बोलतही नाही, नुसतं ऐकून घेतो,' असंही ते म्हणतील. बैठकांचे फोन असेच असतात. कार्नेगी मेलन विद्यापीठात २००८ मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून गाडीचं सिम्युलेटर चालवायला दिलं आणि वाक्यं ऐकवली. ती खरी की खोटी एवढंच ठरवायचं होतं, बोलायचं नव्हतं. तेवढ्यानेही मेंदूच्या ज्या भागात आजूबाजूच्या जागेचं भान राखलं जातं, तिथली गाडी चालवण्याशी जोडलेली हालचाल ३७ टक्क्यांनी घटली आणि गाडी रेषेबाहेर जाऊ लागली. ऐकून समजून घेणं हेही मेंदूचं कष्टाचं काम आहे. बाबांसारखा जबाबदार माणूस तर अर्धवट ऐकतच नसेल.

मग ते विचारतील, आणि हा प्रश्न अगदी रास्त आहे: 'तू शेजारी बसून बडबडतेस ते चालतं का?' बहुतेकदा चालतं. स्ट्रेयर यांच्याच गटाने मित्रांच्या जोड्या घेऊन हे पाहिलं. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने कधी शेजारी बसून आणि कधी फोनवरून गप्पा मारायच्या, आणि चालकाने ठरलेल्या ठिकाणी महामार्गावरून बाहेर वळायचं. शेजारी मित्र असलेले बहुतेक जण बरोबर वळले. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे पुढे निघून गेले. शेजारी बसलेल्याला रस्ता दिसत असतो. समोर ट्रक आडवा आला की तो आपोआप गप्प होतो, 'अरे, बघ बघ' म्हणतो, वळण जवळ आलं की आठवण करतो. त्या दिवशी तुम्ही ओरडलात, ते याच्यामुळेच. ऑफिसातल्या खुर्चीत बसून आकडे विचारणाऱ्याला चौक दिसत नाही, म्हणून तो थांबत नाही, आणि मधेच गप्प बसणं बाबांनाही उद्धटपणाचं वाटतं.

यानंतर मला जे लिहायचं आहे ते तुम्हाला थोडं लागेल. तुम्ही लिहिता की बाबा निघाले की वाटेत दोन-तीनदा फोन करता. ताई, त्या वेळी गाडीच्या स्पीकरवर वाजणारा फोन तुमचा असतो. 'हॅलो' ऐकून तुमचा जीव भांड्यात पडतो खरा, पण त्या 'हॅलो'साठी बाबांनी रस्त्यावरून मन काढून तुमच्याकडे दिलेलं असतं. तुमची काळजी खरी आहे, आणि त्या चौकात जे पाहिलंत त्यानंतर ती वाटणारच. तरी हे फोन आजपासून बंद करा. आईचे 'येताना अमुक आणा' हे फोनही.

मला वाटतं, सगळ्या प्रकरणात हेच तुमचं सगळ्यात मोठं बळ आहे. गाडीत बसलेल्या माणसाला सतत सांगितलं जातं की फोन उचलू नको. फोन करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. खरं तर प्रत्येक संभाषणाला दोन टोकं असतात, आणि दुसरं टोक घरात किंवा ऑफिसात सुरक्षित बसलेलं असतं. त्याला थांबणं कितीतरी सोपं आहे. घरात एक नियम करा: फोन लागला की पहिला प्रश्न, 'गाडी चालवताय का?' उत्तर 'हो' आलं की 'पोचल्यावर बोलू' म्हणून लगेच ठेवायचा. 'एकच मिनिट' नाही, 'फक्त एक विचारायचं होतं' नाही. बाबा स्वतःहून बोलत राहिले तरी तुम्ही ठेवायचा. पहिल्या काही वेळा त्यांना राग येईल. येऊ द्या.

तुम्हाला त्यांची खबर हवी असेल, तर ती त्यांचं लक्ष न विचलित करता मिळायची सोय आहे. फोनच्या नकाशात आपलं ठिकाण घरच्यांना काही वेळापुरतं दाखवता येतं. बाबांची तयारी असेल तरच निघताना ते सुरू करायचं आणि पोचल्यावर बंद. त्यांना ते पाळत ठेवल्यासारखं वाटलं, तर निघताना एक आणि पोचल्यावर एक संदेश, एवढं ठरवा. उशीर झाला म्हणजे काही वाईट झालं असं नाही, हे तुम्हालाही मनाला बजावावं लागेल.

आता बाबांशी बोलण्याबद्दल. गाडीत हा विषय काढू नका, तिथे ते चालक असतात आणि तुम्ही तक्रार करणाऱ्या. दमून आल्या आल्या नको. आई आणि भावासमोर नको, त्यांच्यासमोर बाबांना आपली बाजू लावून धरावी लागेल. निवांत सकाळी, दोघंच असताना बोला. आणि सुरुवात तुमच्या फोनपासून करा: 'मी तुम्हाला वाटेत फोन करत होते, ते मी बंद करते आहे. तुमचं लक्ष माझ्याकडे वळावं असं मला वाटत नाही.' तुम्ही आधी स्वतःचं काहीतरी सोडलंत, की तुमचं मागणं आरोपासारखं वाटणार नाही.

वयाचा उल्लेख चुकूनही करू नका. छप्पन्नाव्या वर्षी, तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला 'लक्ष राहत नाही' म्हटलं की तो 'तुमचं वय झालं' असंच ऐकतो. हे वयाचं नाहीच, हे तुम्ही टोरांटोच्या दाखल्याने सांगू शकता. वर दिलेल्या अभ्यासांपैकी हा एकच त्यांच्यापुढे ठेवा. बाकीचे तुमच्यापाशी राहू द्या, त्यांनी विचारलं तरच काढा. आकड्यांचा मारा केला की माणूस आकड्यांशी भांडत बसतो.

मग विचारा की यातले कोणते फोन खरोखर त्या क्षणीच घ्यावे लागतात. रागाने नको, मनापासून विचारा, कारण उत्तर तुम्हाला माहीत नाही. माझा अंदाज आहे की बाबा फोनच्या हौसेने बोलत नसावेत. नाही उचलला तर वरिष्ठ काय म्हणतील, एखादं काम हातचं जाईल का, ही धास्ती असते. प्रवासाचा वेळ 'वाया' जाऊ नये म्हणून त्याच वेळेत बैठका लावणारी ऑफिसं आहेत, आणि ही पद्धत मला अतिशय चुकीची वाटते. आपल्या माणसाला भरधाव गाडीत बसवून त्याच्याकडून हिशेब मागणारा वरिष्ठ त्या धोक्यात सामील असतो. पुष्कळ कंपन्यांनी आता गाडी चालवताना फोन घ्यायचाच नाही, हँड्स-फ्रीवरही नाही, असा नियम केला आहे. बाबांनी स्वतःहून एवढंच कळवलं तरी पुरे: 'या वेळेत मी गाडी चालवत असतो, फोन घेणार नाही. पोचल्यावर लगेच उलट फोन करीन.' आणि मग न चुकता तो करायचा. वेळेवर उलट फोन येतो हे एकदा कळलं की लोक मधे फोन करणं सोडतात. निदान शहाणे लोक सोडतात.

सिग्नलला थांबल्यावर फोन बघायला काय हरकत, हा प्रश्नही येईल. स्ट्रेयर यांनी २०१५ मध्ये गाड्यांमधल्या, आवाजाने चालणाऱ्या यंत्रणांची पाहणी केली. त्यात असं दिसलं, की काम संपल्यावरही मन पूर्ण रस्त्यावर परतायला काही वेळा २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. ताशी ४० किलोमीटरने गाडी तेवढ्या वेळात ३०० मीटर पुढे गेलेली असते. लाल दिव्याला वाचलेला संदेश हिरवा लागल्यावरही डोक्यात घोळतच असतो. थांबायचंच तर गाडी रहदारीतून बाजूला, पार्किंगमध्ये किंवा पेट्रोल पंपावर घेऊन थांबायचं. भरधाव रस्त्याच्या कडेला गाडी लावून फोनवर बोलणं हा आणखी वेगळा धोका आहे, तो पत्करू नये.

भावाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला त्याची काळजी बाबांपेक्षाही जास्त वाटते. त्याच्याभोवती पत्रा नाही. हेल्मेटमध्ये खोचलेला फोन गालावर दाबून धरण्यासाठी मान किंचित कलती ठेवावी लागते, घसरला की हात आपसूक वर जातो, आणि दुचाकीचा तोल त्याच क्षणी एका हातावर येतो. हेल्मेट डोक्याला जसं घट्ट बसायला हवं तसं बसत नाही. एका कानात दुसऱ्याचा आवाज भरलेला असतो, त्यामुळे मागून येणाऱ्या गाडीचा अंदाज जातो. पडल्यावर तोच कडक फोन गाल आणि हेल्मेट यांच्यामध्ये असतो. जगभरात ५ ते २९ या वयातल्या मुलांच्या आणि तरुणांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्त्यावरचे अपघात आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तो संदेशही वाचत असणार, असं मी धरून चालते. मघाच्या ट्रकांच्या पाहणीत संदेश लिहिणाऱ्या चालकांचा धोका २३ पट निघाला होता. सहा सेकंदांतले जवळपास साडेचार सेकंद त्यांची नजर रस्त्यावर नव्हती. ताशी ६० किलोमीटरने जाणारी दुचाकी साडेचार सेकंदांत ७५ मीटर जाते. त्याला हे आकडे सांगितले तर तो म्हणेल, 'मला सवय आहे.' युटामध्ये २०० जणांना गाडी चालवणं आणि फोनवर डोकं लावायचं काम एकत्र करायला दिलं होतं. दोन्हींत काहीही कमी न पडलेले लोक फक्त अडीच टक्के निघाले. आणि आपण त्या अडीच टक्क्यांत आहोत असं मात्र कितीतरी जणांना वाटतं.

त्याच्याशी बोलताना मी आर्जव करणार नाही. भावंडांत थेट बोलता येतं. 'तू दुचाकीवर असताना मी तुझा फोन घेणार नाही, आणि तुझ्या मागे बसणार नाही' हे सांगा आणि पाळा. त्याच्या मित्रांपैकी जे त्याला सतत फोन करतात, त्यांनाही सांगा. तरुण मुलगा बहिणीचं ऐकणार नाही कदाचित, पण चार मित्रांनी 'गाडीवर आहेस? ठेव' म्हणायला सुरुवात केली की फरक पडतो. बाबांनी फोन सोडला तर त्याचं सगळ्यात मोठं निमित्तही जाईल, आणि हे बाबांना सांगण्यासारखं आहे. स्वतःसाठी न बदलणारा बाप मुलासाठी बदलतो.

आईला दोष देऊ नका. 'विषय वाढवू नकोस' म्हणणाऱ्या बाईला घरातली शांतता सांभाळायची असते आणि भीती तिलाही वाटत असतेच. तिला बाजू घ्यायला लावू नका, फक्त वाटेतले फोन बंद करायला सांगा. ते तिला वाद न घालता करता येईल.

समजा हे सगळं करूनही बाबा ऐकले नाहीत, तर? मग त्यांच्याबरोबर प्रवास करताना निघण्याआधीच सांगा, 'फोन माझ्याकडे द्या, आला तर मी घेईन.' शेजारच्याने फोन सांभाळणं यात कुणाचा कमीपणा नाही. तेही नको म्हणाले तर त्यांच्या गाडीतून जाऊ नका, आणि लहान मुलं तर पाठवूच नका. हे कठोर वाटेल. बाबांनाही लागेल. पण तुमचं प्रेम आणि तुमची त्या गाडीत बसण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे शांतपणे सांगता येतं.

आता ते तयार झाले असं धरून शेवटचं, सेटिंगचं. हे त्यांच्यावर सोडू नका, शेजारी बसून तुम्हीच लावून द्या. आयफोनमध्ये २०१७ पासून गाडी चालवताना फोन गप्प ठेवण्याची सोय आहे, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्येही ड्रायव्हिंग मोड असतो. आयफोन संदेश पाठवणाऱ्याला 'गाडी चालवतो आहे' असं आपोआप कळवू शकतो. इथे एक पळवाट राहते, ती बघा: फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला असला, तर आयफोनचा हा मोड चालू असूनही कॉल येऊ दिले जातात. त्या मोडच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढे कॉल आणि ऑडिओ अशी दोन वेगळी बटणं मिळतात. कॉलचं बंद, ऑडिओचं चालू ठेवलं की नकाशाचा आवाज ऐकू येतो आणि फोन गाडीत वाजत नाही. नकाशा निघण्याआधीच लावायचा, मग फोन मागच्या सीटवरच्या बॅगेत.

अगदी तातडीचं काही असलं तर? लागोपाठ दोनदा फोन आला की वाजू द्यायचा, अशी सोय बऱ्याच फोनमध्ये असते. ती घरच्यांपुरती ठेवा आणि ठरवून टाका, की दोनदा वाजला म्हणजे उचलायचा नाही, सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि मग उलट फोन करायचा. या दोन कॉलचा वापर 'कुठे पोचलात?' विचारायला करू नका, तुम्हीसुद्धा.

हे सगळं लावून झालं की गाडी दारातच उभी असताना बाबांना आत बसवा, इंजिन सुरू करायला सांगा आणि तुमच्या फोनवरून त्यांना एक कॉल करून बघा. गाडीच्या स्पीकरवर वाजला, तर काहीतरी राहिलंय. पुन्हा सेटिंगमध्ये जा.